नांदूरघाटचं पान

१२ जून २००५, चौसाळा
आज सौ. पूजेला बसली. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून दिलं, तर 'ॐ नमः शिवाय' अख्खं म्हणाली. स्पष्ट, एक अक्षर न गाळता. वाटलं, आलं तोंड परत. पूजा उरकल्यावर विचारलं, पाणी देऊ? नुसतं 'हं... हं...'. मग पदर मुठीत धरून बसली. चैत्रात अर्धांगाचा झटका आल्यापासून हेच चाललंय. देवाशी बोलता येतं, माझ्याशी नाही.

डॉक्टर म्हणतात, चालायला लागतील, पण वाचेचं शिकवणारं माणूस बीडात नाही. पुण्याला सहा महिने राहा. पोरगं तिथं एका खोलीत तिघांत राहतं. राहायचं कुठं अन् कशावर?

१९ जून
स्टँडसमोर सुनंदाच्या दुकानात गेलो. पूर्वी नुसता एसटीडीचा बूथ होता, आता आत दोन कॉम्प्युटर. पोरगी हुशार. म्हणाली, आप्पा, इंटरनेटवर एक जागा हाय, तिथं लोक लिहितात, मला हे येतं, मला ते शिकायचंय. पैसा न्हाई, धड्याला धडा. सोलापूरचा एक जण इन्कमटॅक्स समजावून देतो अन् बदल्यात तबला शिकतो. वाचून हसलो.

"तुमाला काय येतं, आप्पा?"
म्हणालो, भांडी विकता येतात.
"त्ये कोण शिकल?"

मग उर्दू सुचली. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दू शाळेत होतो, पुढचं सगळं माझं मीच शिकलो. गावातल्यांची जुनी खरेदीखतं मीच वाचून देतो. सुनंदानं टाइप केलं: उर्दू लिपी शिकवीन. झटक्यानं वाचा गेलेल्या बाईला बोलतं कसं करायचं, ते शिकायचंय. उमर ६९. मी म्हणालो, उमर कशाला? तिनं ठेवली.

४ जुलै
उत्तर आलं!! नागपूरहून. शैलाताई. मूकबधिर मुलांना बोलायला शिकवायच्या, आता निवृत्त. मधली काही वर्षं दवाखान्यात झटक्याच्या पेशंटांसाठी काम केलेलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं, पण समजतं. वडील आपल्याच जिल्ह्यात तहसिलीत कारकून होते. निजामाचं राज्य गेल्यावर नागपूरला गेले. त्यांची एक वही आहे, सगळी उर्दूत. 'हिंदी मला येते दादा, फक्त अक्षर ओळखत नाही. बाबा गेले तेव्हापासून वही उशाशी आहे. मी चार वर्षांची असताना आई पटकीनं गेली. तिच्याबद्दल बाबा कधी चकार शब्द बोलले नाहीत. वहीत काही असेल.'

आठवड्याला त्यांचा एक धडा, माझा एक. मी कागदावर मोठी अक्षरं काढायची, सुनंदानं मशीनवर घालून पाठवायची.

१८ जुलै
सौ.चा धडा २. वस्तू हातात द्यायची, नाव आपण घ्यायचं, मग अर्धं नाव घेऊन थांबायचं. वाटी. वा... वा... सौ. नुसती तोंडाकडं बघते. तिसऱ्या दिवशी वाटी फेकली. मला लागली नाही. मग तीच रडली. चहा करून पाजला.

माझा धडा: अलिफ, बे, पे, ते. शैलाताईंचं अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. शिकायला वाघीण.

८ ऑगस्ट
पहिला श्रावण सोमवार. पोराचा फोन. आप्पा, कॉम्प्युटरनं कुणी बोलतं का? डॉक्टर म्हणालेत ना, आता हे एवढंच. मी म्हणालो, तुझी आई आहे, वासरू नाही खुंट्याला बांधून ठेवायला. जास्त बोललो. नको होतं.

२२ ऑगस्ट
आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं.

शैलाताईंनी वहीचं एक पान पाठवलं. 'हे छोटं आहे, यावरच शिकवा, म्हणजे शेवटी मी स्वतः वाचीन.' अक्षर कचेरीतलं, घाईचं, मोडकं. सुनंदा गिऱ्हाइकाशी बोलत होती. मी पडद्यावर वाचत गेलो. लिहिलं होतं: आज तिला नांदूरघाटला तिच्या भावाच्या दारात सोडून आलो. पांढरे डाग आता हातांवर आलेत. कचेरीतले लोक घरचं पाणी घेईनात. पोरीला सांगितलं, आई पटकीनं गेली. ती रस्ताभर एकच विचारत होती, शैला दूध कुणाच्या हातचं पिईल.

तीनदा वाचलं. कोड, दुसरं काही नाही. कोडासाठी.

नांदूरघाट इथून जीपच्या अंतरावर.

२३ ऑगस्ट
सांगायचं कसं? आणि सांगितल्यावर? पासष्टीला टेकलेल्या बाईला कळणार की बापानं आई जिवंत पुरली. त्यानंतर ती माझ्या सौ.ला वाटी-वाटी शिकवत बसेल? तो तबलेवाला आपलं शिकून झाल्यावर जो गडप झाला तो झालाच. सोलापूरचा इन्कमटॅक्सवाला अजून तिथं लिहितो, 'अहो, आहात का?'

शैलाताई परवा गमतीनं लिहीत होत्या, 'मला वाचता आलं की दोघांची सुटका, दादा.'

बाई तर केव्हाच गेली असेल. मेलेल्या माणसाची बातमी महिनाभर उशिरा कळली तर कुणाचं काय बिघडतं? कळवलं: पान अवघड आहे, त्याला वेळ लागेल, आधी पाया पक्का करू.

५ सप्टें.
एकेक अक्षर तीन-तीन रूपांत शिकवतो. शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. एरवी आठवड्यात उरकलं असतं. नुक्त्यांवर, नुसत्या टिंबांवर, अख्खा धडा घातला. शैलाताई लिहितात, तुम्ही किती मन लावून शिकवता, माझ्या शाळेत असायला हवे होतात.

हे वाचून जेवण गेलं नाही.

१४ सप्टें.
सौ. 'पाणी' म्हणाली.

मी पा... म्हणून थांबलो अन् तिनं 'णी' जोडलं. मग एकटीनं, 'पाणी'. तांब्याकडं बोट. मी तांब्या द्यायचा सोडून रडत बसलो तर रागानं पुन्हा, 'पाणी!' शेजारची कमलाबाई धावत आली, काय झालं आप्पा? म्हणालो, तहान लागली तिला. ती माझ्याकडं बघतच राहिली.

सुनंदाकडं जाऊन शैलाताईंना कळवलं. त्यांचं लगेच उत्तर, नुसती उद्गारचिन्हं. खाली: 'आता शब्द वाढवू. मग दोन शब्द एकमेकांना जोडायचे. तो खरा उंबरठा. तो ओलांडला की वहिनी बोलत्या झाल्या समजा.'

उंबरठ्यापर्यंत तर पोचू दे. मग सांगतो.

३ ऑक्टो.
चहा, वाटी, दार, नको. 'नको' लई जोरात येतं.
पान अजून तसंच. शैलाताईंनी विचारलं तर म्हणतो, मोडकं अक्षर शेवटी शिकवीन.

सुनंदानं आज सरळ विचारलं. सगळे धडे तीच पाठवते, तिला दिसतं.
"आप्पा, पयल्या महिन्यात तुमी बारा अक्षरं शिकवली. गेल्या महिन्यात दोन. कावून?"
म्हणालो, डोळे दुखतात.
माझ्या कागदावर तिनं मोठा बल्ब ओढून धरला.

१६ ऑक्टो.
दसरा झाला. शिरूरकडच्या ऊसतोडणीवाल्यांचे ट्रक हायवेनं चाललेत, भांडीकुंडी, शेळ्या, वर लहान पोरं. सौ.ला ओसरीवर बसवलं. बघत होती. 'गेले' म्हणाली. हा शब्द मी शिकवलेला नाही. तिचा तिनं काढला.

एक शब्द, बस. दुसरा जोडला जात नाही. 'चहा' म्हणते, पुढचं 'दे' येत नाही. दिवसभर घोकून घेतो. दमते. मी पण.

१३ नोव्हें.
दिवाळी गेली. शैलाताईंचा मेल. 'दादा, मी चोरी केली. तुम्ही न शिकवता त्या पानावर बसले. एक शब्द माझा मी वाचला. नून, अलिफ, नून, दाल... नांदूरघाट! बाबांची तिथं बदली होती का? तुम्हाला ठाऊक आहे हे गाव?'

खाली हसरं तोंड काढलेलं.

आता चार-दोन आठवड्यांत बाकीचं पण वाचतील. त्यांना ते एकटीनं वाचू द्यायचं? आधी जाऊन बघून येतो.

१८ नोव्हें.
कमलाबाईला सौ.जवळ बसवून नांदूरघाटला गेलतो. भावाचं आडनाव पानावर होतं. दोन ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. भावाचा मुलगा रानात, त्याची बायको दारात ज्वारी पाखडत होती. कोडाची म्हातारी आत्या होती का तुमच्यात, विचारलं.

"होती की. पाडव्याला गेली."
कोणत्या पाडव्याला?
"कोणत्या म्हंजे? ह्याच की, दिवाळीच्या. तेरावं होऊन दोन दिस झाले. बसा, पाणी देते."

तिच्या सुपाशेजारीच खाली टेकलो. ती सांगत होती. आत्यानं पन्नास वर्षांच्या वर ह्याच घरात काढली, गोठ्याशेजारच्या खोलीत. हात सगळे पांढरे, पण भाकरी अशी करायची की गावात तशी कुणाची न्हाई. लग्नाच्या घरी मात्र कुणी बोलवायचं न्हाई. शेवटपर्यंत चालती-फिरती. नवरात्रात ताप धरला, मग उठली न्हाई.

"पोरगी हाय म्हनायची, शैला. आमी म्हनलो, म्हातारी भरमिष्ट झाली. लेकरूबाळ आसतं तर कुणी आलं आसतं की कवा. तुमी कोण तिचे?"

म्हणालो, कुणी नाही. कागदपत्राच्या कामानं आलतो.

पाणी दिलं, प्यालो. तिनं खोली दाखवली. आता तिथं सरकी भरलीय.

श्रावण, भाद्रपद, आश्विन. अडीच महिने बाई जिवंत होती, नवरात्रापर्यंत तर चालती-फिरती. नागपूरहून एका दिवसाची गाडी.

१९ नोव्हें.
सौ.नं तोंडाकडं बघून ओळखलं. 'ताप?' म्हणाली. डावा हात कपाळाला लावला.

नाही, ताप नाही.

२१ नोव्हें.
हेच विचार. माझी बायको बोलावी म्हणून मी दुसरीची आई... वाक्य पुरं होत नाही. जिवंत असेल असं खरंच वाटलं नव्हतं, हे खरं. पण जाऊन बघितलं पण नाही, हे जास्त खरं. जीपचं अंतर. बघायला गेलो असतो तर सांगावं लागलं असतं, म्हणून गेलो नाही.

गप्प बसलो तरी चालेल. पान त्या वाचतील, नांदूरघाटला येतील, तिथली बाई सांगेल पाडव्याला गेली. शैलाताई म्हणतील, नशीब. मी कधी पान वाचलं ते कुणाला कळणार? सुनंदा बोलायची नाही. धडे पण चालू राहतील बहुतेक.

२४ नोव्हें.
सकाळी गेलो. मोडक्या अक्षराचे राहिलेले सगळे धडे एका बैठकीत काढून पाठवले. तीन तास लागले. तीन महिने ओढलेलं, तीन तासांचं काम. पानाचं वाचन पाठवलं. नांदूरघाटचं लिहिलं. मग शेवटी: हे पान मी २२ ऑगस्टला वाचलं होतं. तुम्ही धडे बंद कराल म्हणून लपवलं. तेव्हा त्या जिवंत होत्या.

माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

टाइप सुनंदानं केलं. 'जिवंत होत्या' पाशी ती थांबली. म्हणाली, आप्पा, हे पाठवू? म्हणालो, पाठव. बटण दाबलं अन् बाहेर जाऊन उभी राहिली.

२५, २६, २७
काही नाही. रोज जातो. मी दारात दिसलो की सुनंदा मान हलवते.

सौ.चे जुनेच धडे घेतो. आज एक पण शब्द आला नाही. बोळकं मिटून बसली.

२९ नोव्हें.
मेल आला. सुनंदानंच माउस धरून उघडला.

आत फक्त धडा. 'नमस्कार दादा' नाही, खाली नाव नाही, नांदूरघाटबद्दल एक अक्षर नाही. असा:

धडा १९. आता वस्तू बंद. पेशंटला घरात घडलेली खरी गोष्ट साध्या वाक्यांत सांगावी. नंतर गप्प राहावं. शब्द पुरवू नये. पेशंट जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून कळवावं.

दोनदा खालपर्यंत बघितलं. सुनंदा म्हणाली, पाठवला तर खरं, आप्पा. मी म्हणालो, हो, पाठवला.

हा राग आहे, की शिक्षकाची सवय, की कबूल केलं ते करून मोकळं व्हायचंय, मला ठरवता येत नाही.

३० नोव्हें.
दुपारी सौ.ला ओसरीवर बसवून सांगितलं. धड्यात लिहिलंय तसं, साध्या वाक्यांत. नागपूरला एक बाई आहे. तीच तुला शिकवते. तिची आई इथं नांदूरघाटला होती. मला कळलं होतं. मी सांगितलं नाही. तू बोलावीस म्हणून. आई पाडव्याला गेली.

मग गप्प राहिलो.

रस्त्यानं दोन ट्रक गेले. तिचे ओठ हलायला लागले. मी शब्द पुरवला नाही.

"कावून..." म्हणाली. थांबली. मान एकदा झटकली. मग, "कावून केलं?"

सात महिन्यांत पहिल्यांदा दोन शब्द जोडले. स्पष्ट, तिच्या पहिल्या आवाजात.

शैलाताईंना हे जसंच्या तसं कळवायचं आहे. वही घेऊन इथंच बसलोय. सौ. समोर बसलीय, नजर हलवत नाही. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.