कागदावरचा आईचा अंगठा

३ मार्च, सोमवार. बीड.
आईला जाऊन चाळीस दिवस. पोलिसांच्या ठसे विभागात चोरीच्या दोन केसचे बोटांचे ठसे जुळवले.
संध्याकाळी दादाचा फोन. आईनं मृत्युपत्र केलं होतं म्हणे. गावचं, लिंबागणेशचं घर, दोन एकर, सगळं त्याला. मला काही नकोच आहे. पण नवऱ्यानं टाकल्यापासून आमची बहीण, अक्का, त्याच घरात राहते. आईचं शेवटपर्यंत तिनंच केलं.

८ मार्च, शनिवार. गावी.
दादानं कागद दाखवला. साधा कागद, दोन साक्षीदार, खाली अंगठा. तारीख दोन वर्षांपूर्वीची. भिंग लावलं. ठशात शंख, रेघा स्वच्छ. आईच्या बोटांवर ऊस तोडून तोडून रेघ राहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी तर रेशनचं मशीनही तिचा अंगठा घेत नसे, अक्का जाऊन आपला द्यायची.
म्हणालो, "दादा, हा आईचा न्हाई."
"जुळव की मग. सायेब हायस ना तू?"
वहिनीनं चहा दिला. प्यायलो, अंगठ्याचा फोटो काढून घेतला.

१० मार्च
जुळला. चौदा ठिकाणी. आईचाच.
जुळवायला ठसा होता तो याच वहीतला. डिसेंबरात घेतलेला. लकवा होऊन आई सात महिने पडून होती. हाताला काम नाही, त्यामुळं कातडी मऊ झाली, रेघा परत आल्या. मला इतका आनंद झाला की शाई लावून वहीत उमटवून घेतला. आई माणूस ओळखत नव्हती तेव्हा.
दादा शेजारी होता. मीच त्याला म्हणालो, बघ, आता आईचा अंगठा कसा झकास उमटतो.
"कागदावर बी उमटंल का?" त्यानं विचारलं होतं. मी हो म्हणालो.
म्हणजे अंगठा खरा, तारीख खोटी. हे फक्त मला कळतं. आणि दादाला.

१२ मार्च
दादाचा फोन. "आईचाच निघाला ना? मग गप ऱ्हा. का जेलात घालतोस रं मला?"
फोन ठेवला. त्याच्या दोन पोरी डोळ्यापुढं.

१५ मार्च, शनिवार
अक्का एस.टी.नं आली. जेवली नाही.
"गणू, आईचाच हाय का? एवढंच सांग."
"आईचाच."
कधीचा, ते तिनं विचारलं नाही. पुढचं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.
पिशवी उचलत म्हणाली, "दोन वर्सं माज्या हातचं खाल्लं तिनं. कागदाचं एका शब्दानं बोलली न्हाई रं."
स्टँडवर सोडून आलो.

१७ मार्च
दादाच्या नावाच्या नोंदीवर तलाठ्याकडं हरकत द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत. अर्ज लिहायला बसलो. 'सदर ठसा मयताचाच असून' इथपर्यंत. पुढं लिहिलं तर दादा. नाही लिहिलं तर...
दुपारी अक्काचा फोन. आईच्या फोटोपुढं दिवा लावायचं बंद केलं म्हणाली.
मी बरं म्हणालो.