चावण्याआधी काय झालं

सोमवार, ४ मार्च

सगळ्यांत आधी टपकली ती शेजारची शिलाईवाली. कुत्रा अजून गाडीतून उतरलाही नव्हता आणि ही गळ्यात टेप अडकवून दारात हजर! म्हणे, आजी, प्रयोगशाळेतला ना हा, घरात रोगबिग नाही ना यायचा? म्हटलं, तुझ्या नवऱ्याला तपासलं नसेल इतकं याला तपासलंय. नाक मुरडलं. चहा मात्र पिऊन गेली.

तर ढब्बू आला! नाव नातीने ठेवलं. तिथे त्याला नावच नव्हतं, कानात हिरव्या शाईने नंबर गोंदलाय. सूनबाई तिथेच पिंजरे धुवायच्या कामाला आहे. हृदयाच्या औषधाचा प्रयोग संपला, कुत्रे धडधाकट राहिले, मग मारायचे कशाला, चांगलं घर बघून द्यायचे, असा तिथे नियम आहे. सूनबाई महिनाभर मागे लागली होती. एरवी काही मागत नाही बिचारी.

घर बघायला प्रयोगशाळेतून दोघं आले. एक जनावरांची डॉक्टरीण, केस बारीक कापलेले, बोलायला गोड. दुसरा चष्मेवाला, जनावरांचे हाल होत नाहीत ना ते बघणाऱ्या त्यांच्या समितीतला. कुत्रा झोपणार कुठे, दिवसा जवळ कोण, घरात आरडाओरडा होतो का – सगळं विचारलं. मोरीसुद्धा बघितली. सूनबाईच्या माहेरच्यांनी लग्नाआधी एवढं बघितलं नव्हतं!

अटी दोनच. हात उचलायचा नाही, कुणीही, कधीही. आणि चावला तर लगेच कळवायचं. विनाकारण चावणारा कुत्रा दुसऱ्या घरी देता येत नाही, डॉक्टरीण म्हणाली. मग इंजेक्शन. तेवढं हळू बोलली. आमचे चिरंजीव माना डोलवत होते. पाहुण्यांसमोर तो फार छान वागतो.

मंगळवार, ५ मार्च

गवत म्हणजे काय ते ढब्बूला ठाऊक नाही. पाय ठेवला आणि विस्तवावर पडल्यासारखा उचलला! दारातल्या तीन पायऱ्या उतरवायला निम्मी सकाळ गेली. नात पांढरा फ्रॉक घालून आली तर हा तिच्यापुढे आडवा झाला आणि पुढचा पाय लांब केला. सुईसाठी. आम्ही पोट धरून हसलो. सूनबाई नाही हसली.

शनिवार, ९ मार्च

काय मारामारी झाली आज! गल्लीतला काळा कुत्रा ढब्बूच्या मानेवरच बसला. केस उडाले, रक्त उडालं, शिलाईवालीच्या पायरीवर सडा. ढब्बू उलटून चावायला तयार नाही, नुसता पडून मार खातोय. मी खराटा घेऊन धावले आणि काळ्याला असा हाणला की दांडा मोडला. हात उचलायचा नाही ही अट ढब्बूपुरती, काळ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

कान फाटला. डॉक्टरीण स्वतः येऊन टाके घालून गेली. मला शिकवलंसुद्धा. दुखलं तरी तो काही बोलणार नाही आजी, तुम्ही बघायचं. डोळे बारीक करतो का. पाठीची कमान करून बसतो का. कोपरा धरतो का. खाणं सोडतो का. चारही दिसली तर वाट बघायची नाही, त्या जागेतून बाहेर काढायचं. मी घोकून ठेवलंय. शाळेत असं शिकवलं असतं तर शिकले असते की!

जेवताना सूनबाईने सांगितलं, तिच्या कामावर एकाने ससा रागाने आपटला, त्याच दिवशी त्याला गेटबाहेर काढलं. आमचा मुलगा हसला. सशासाठी माणसाची भाकरी काढतात म्हणे! सूनबाई म्हणाली, बरोबरच केलं. झालं. ताट भिंतीवर. भांडी मीच गोळा केली. तापट आहे जरा. बापावर गेलाय.

सोमवार, ११ मार्च

सूनबाई कामाला गेली नाही. पायऱ्यांवरून पडली म्हणाली. त्या तीन पायऱ्या!

गुरुवार, १४ मार्च

जसं झालं तसंच लिहिते.

भाजी गार होती. मुलाने सूनबाईचे केस धरले आणि डोकं कपाटावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नात टेबलाखाली. मी अरे अरे करत उभी. आणि सुया टोचणाऱ्यांनाही ज्याने कधी दात दाखवले नाहीत, काळ्याचा मार मुकाट खाल्ला, तो ढब्बू उठला. आवाजसुद्धा नाही केला. मुलाच्या मनगटाला जो लटकला तो सुटेचना. फरशी लाल. याने खुर्ची उचलून त्याच्या पाठीत घातली, खुर्चीचा पाय तुटला, तरी सोडेना. सूनबाईने हाक मारली तेव्हा सोडलं.

हाताला पट्टी बांधून यानेच प्रयोगशाळेत फोन केला. विनाकारण चावला, घेऊन जा, संपवा.

शनिवार, १६ मार्च

दोघं आले. डॉक्टरिणीने पट्टीकडे बघितलंही नाही. पहिलाच प्रश्न –

"चावण्याआधी काय झालं?"

आधी कारण, मग कुत्र्याचं काय करायचं ते, असाच त्यांचा नियम. आमचा म्हणाला, काही नाही, पाणी प्यायला चाललो होतो. सूनबाईने केस कपाळावर ओढून घेतले. मग मला विचारलं. मी म्हटलं, चहा टाकते.

चहा टाकते!

ढब्बूने डॉक्टरिणीपुढे पाय लांब केला. आमचा म्हणाला, बघा, तोसुद्धा तयार आहे, द्या टोचून. चष्मेवाला म्हणाला, "कारण कळल्याशिवाय आम्ही उंदीरसुद्धा मारत नाही." मंगळवारी येतो म्हणाले, निकाल तेव्हा. जाताना डॉक्टरीण बराच वेळ बघत होती. ढब्बूकडे नाही, सूनबाईकडे.

रविवार, १७ मार्च

डोळे बारीक. पाठीची कमान. न्हाणीघराचा कोपरा. कालपासून घास नाही.

ढब्बूचं नाही लिहीत. तो दोन वाट्या खाऊन माझ्या पायावर झोपलाय.

सोमवार, १८ मार्च

शिलाईवालीच्या फोनवरून डॉक्टरिणीला सांगितलं. चावण्याआधी काय झालं ते सगळं. मुलगा माझा आहे म्हटलं, तरी त्याच्या तोंडावर सांगेन. ती म्हणाली, इंजेक्शनची पेटी आणत नाही आजी, पोलीसबाईला आणते. सूनबाईचे आणि नातीचे कपडे शिलाईवालीकडे पोचवलेत, ढब्बूची वाटीसुद्धा. उद्या मंगळवार.