देवचंदची मुखत्यारी

कार्तिक वद्य तीज, सन १९३८

देवचंद गोंदियाहून आला — जिलेबी घेऊन! हा पोरगा जिलेबी आणतो तेव्हा त्याला काहीतरी पाहिजे असते. "माय, आता वय झालं तुझं. मले मुखत्यारपत्र करून दे. कचेरीची धावपळ तुले कायले?"
जिलेबी खाल्ली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

षष्ठी

बोडीच्या तळ्याखालची धानाची बांधी माझी, एवढंच एक शेत. माझ्या बापानं आंदण दिली, कागद माझ्या नावाचा. नवऱ्याची सगळी शेती देवचंदला गेली, तरी त्याचा डोळा या बांधीवर. राबते मात्र शामकला — माझ्या मेलेल्या थोरल्याची बायको. चोरखमारा गावचा मंगरू तिच्याशी पाट लावायला मागून राहिला. हसरा गडी. तिलाही आवडतो, मी काय आंधळी आहे? पण म्हणते, "पाट लावला का बांधी सुटली, माय. भाऊजी मले बांदावर उभं राहू देतील का?"
खरं आहे. पाट लावणारीनं नेसत्या लुगड्यानिशी निघायचं, असा आमच्यात रिवाज. कोण्या गाढवानं काढला!

मार्गशीर्ष शुद्ध दूज

वकिलाकडे गेलो. आंगठ्याची शाई पुढं आली. ती सरकवून मी सही केली. मनकर्णाचा 'म' वाकडा झाला, होऊ दे.
कागदात देवचंदनं सगळं घालून घेतलं — विकणे, गहाण, बक्षीस देणे. मी एकच विचारलं, "वकीलसाहेब, मुखत्यार म्हणजे मालक का?"
"नाही बाई. तो तुमचा हात. तुम्ही सांगाल ते करायचं."
देवचंदचं ध्यान कुठं! शिक्का पाहून राहिला होता. गावात येऊन पेढे वाटले. पाटलालाही!

सप्तमी

मुखत्याराला पहिलं काम सांगितलं — बांधी शामकलेला बक्षीस लिहून दे. पाट लावला तरी तिचीच, असं लिही.
आधी हसला. मग रुसला. "माय, तुले भूल पडली का?"
म्हटलं, "गावाले पेढे तूच चारले ना? आता सांग जा, मायचं काम करत नाही म्हणून. मी दुसरा मुखत्यार पाहते. गाडी जुपतो का?"
जुपली.

दशमी

झालं! देवचंदनं दात खात सही केली. शामकलेनं घरी येऊन भात करपवला. मी दोनदा वाढून घेतला.

माघ वद्य पंचमी

पाट लागला. मी नाचली! गुडघे शिव्या देऊन राहिले. देवचंद तोंड फुगवून आला, पण जेवला पोटभर. मंगरूच्या पानातलं वडंही उचललं त्यानं! मिटला राग.

अष्टमी

शामकला मंगरूसंगं चोरखमाऱ्याला चालली, पावसाळ्यात धानाच्या रोवणीआधी दोघंही इकडं येणार. गाडीत बसताना म्हणते, "तोवर बांधीची मुखत्यारी तुमी करा, माय. आन बोडीच्या काठच्या पारीवर माती टाकून घ्या, मी येऊन पाहीन."
हुकूम! मले!
हो म्हटलं. मातीचं टोपलं देवचंदच्या हाती दिलं.