मागच्या भिंतीशी ठेवलेली बर्फाची पेटी

अण्णा,

तुमची बर्फाची पेटी माझ्याकडे आहे. तुमच्यामागून आईही गेल्यावर तुमचं यशवंतपूरचं दुकान रिकामं केलं, पत्र्याचं बाकी सगळं भंगारात घातलं, ही एवढी घरी आणली. त्यावर उशा-पांघरुणं ठेवते. कोणी विचारलं तर वडिलांनी केलेली म्हणून सांगते. आता सांगते, तेव्हा नाही सांगितलं.

नव्वदच्या सुमारास शहरात जिकडेतिकडे पब निघत होते, आणि मी ज्या हॉटेलात खरेदी बघत होते त्यांनाही बार काढायचा होता. बर्फाची गाडी दुपारी एकदाच येई. तो बर्फ बार बंद होईपर्यंत टिकेल अशी पेटी काउंटरखाली हवी होती. तुम्ही रसवंतीवाल्यांना आणि लग्नाच्या आचाऱ्यांना आयुष्यभर पेट्या करून दिल्यात, पण प्लास्टिकच्या पेट्या आल्या आणि दुकान बसलं. हे काम मिळालं तर हॉटेलच्या बाकीच्या काउंटरांचंही तुमच्याकडेच येणार होतं. "हात चालता राहील," एवढंच तुम्ही म्हणालात. मी एकच अट घातली, तिथं मी तुमची मुलगी नाही. तुम्ही हसलात. "सरी, बरं. मॅडम म्हणतो."

माप घ्यायला आलात तेव्हा टेप काढायच्या आधी तुम्ही बारमनला नुसतेच ग्लास भरायला लावलेत आणि उभ्याउभ्या बघत राहिलात. "डावखुरा आहेस की रे! मग झाकण उजवीकडं सरकायला हवं." आत जस्ताचा पत्रा, मधे लाकडाचा भुसा ठासलेला, तळाला भोकांची चाळण आणि तिच्याखालून पाणी जायला नळी. "बर्फ स्वतःच्याच पाण्यात बसला की मरतो," तुम्ही त्याला समजावत होतात. हॉटेलनं शोरूममधूनही एक पेटी मागवली होती; त्या चकचकीत स्टीलच्या पेटीला चाळण नव्हती, आणि झाकण वर उचलायचं होतं. दोन्ही पेट्या एक दिवस बर्फ भरून बघायच्या, मग निवडायची, असं ठरलं.

आदल्या दिवशी मॅनेजर सहज बोलून गेले, "खरेदीवाल्यांचा कुठंतरी एक मामा असतोच." सगळे हसले. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

दुपारचे बारा. दोन्ही पेट्यांत सारखा तोलून बर्फ घातलाय. शोरूमची पेटी मी दाराजवळ ठेवायला सांगते, तुमची मागच्या भिंतीशी. त्या भिंतीपलीकडे भटारखान्याची तंदूर आहे. बारमन म्हणतो, "मॅडम, तिथं नको. ती भिंत तापते."

"जागा मी ठरवते. तू ग्लास पूस."

तो तुमच्याकडे बघतो, तुम्ही माझ्याकडे. "मॅडम म्हणतात तिथंच राहू दे," तुम्ही म्हणता, आणि स्वतःच्या हातांनी पेटी भिंतीला लावता.

सहा वाजता झाकणं उघडली. शोरूमच्या पेटीत निम्म्याहून जास्त बर्फ होता, तुमच्या पेटीत तळाशी चार खडे. मॅनेजर म्हणाले, "काय हो मिस्त्री, ही बर्फाची पेटी की आंघोळीचा बंब?" सगळ्यांच्या आधी मी हसले. तुम्ही खांद्यावरचा पंचा काढून आतला कोपरा न कोपरा पुसलात. "ओली पेटी झाकायची नसते," असं बारमनला सांगितलंत आणि टेम्पो बघायला गेलात. मी कागदावर लिहिलं, दोन्ही पेट्या सारख्याच परिस्थितीत तपासल्या. खाली सही केली.

जेवताना आईनं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यांची पेटी चांगली निघाली. आमचं स्वल्प जुनं पडलं." आणि साराचं भांडं माझ्याकडे सरकवलंत. त्यानंतर तुम्ही बर्फाची पेटी केली नाहीत. बादल्यांना बुडं लावत राहिलात. मी मात्र पुढची चार वर्षं ते स्टीलचं झाकण आपटताना ऐकत होते. बारमनला दरवेळी ते उजव्या हातानं धरून डाव्यानं बर्फ काढावा लागे.

त्या दिवशीच्या वागण्याला मी पुष्कळ वर्षं निःपक्षपातीपणा म्हणत आले. हाताखालच्या मुलींना त्यावर उपदेशही केला. निःपक्षपाती असते तर पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या असत्या. तुमची पेटी निवडली गेली तर हा मिस्त्री कोण, कुठला, असं कोणीतरी विचारेल, याची मला भीती होती. घरातली पहिली पदवीधर मी. माझी फी त्याच पत्र्यातून निघाली होती.

परवा बर्फ आणला. पेटी बैठकीच्या खोलीत साध्या भिंतीशी ठेवली, तेवढाच बर्फ तोलून घातला, बारा ते सहा. झाकण उजवीकडं सरकवलं. बर्फ होता. कडा गोल झाल्या होत्या, बाकी तसाच. कोणाला दाखवावं ते सुचेना, म्हणून कामवाल्या अक्कांना बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, "बर्फच आहे की."

हे पत्र त्याच पेटीत ठेवणार आहे, पण आज नाही. आतून अजून ओल आहे, झाकण उघडंच ठेवलंय. आणि एक राहिलं, अण्णा. बारमननं सांगायच्या आधीच मला ठाऊक होतं. त्या दिवशी कोणी यायच्या आत मी एकटीच जाऊन दाराजवळच्या आणि मागच्या, दोन्ही भिंतींना हात लावून बघितला होता.