भिंतीतल्या चिंध्या

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेच्या गणवेशांचं काम वेळेत उरकलंस आणि पाठही दुखली नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला.

आता हातातली कात्री खाली ठेव आणि मगच पुढचं वाच. आमच्या सर्प-संवर्धन केंद्रातले ते बारके साप तुला ठाऊक आहेत. पेन्सिलीएवढे जाड, वाळक्या शेंगेच्या रंगाचे, विष अजिबात नाही. जुनी दगडखाण बुजवली तेव्हा जे थोडे हाती लागले, तेवढेच या जातीचे उरले होते. त्यांची पिल्लं आम्ही काचेच्या पेट्यांत वाढवली, पण पेटीत जगणं म्हणजे काही नांदणं नव्हे. त्यांना सिमेंट न लावता नुसते दगड रचलेली भिंत लागते, फटींत राहायला आणि पाली धरायला. आमच्या डॉक्टरांनी सगळीकडे पायपीट केली. अशी लांबलचक, उन्हातली भिंत एकच सापडली. तुझ्या अंगणामागची.

लहानपणी गांडूळ पाहून तू माझ्या पाठीवर चढली होतीस, मी धाकटी असून! ते मी विसरलेले नाही. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही. पण हो म्हण.

तुझ्या मुकादम बोक्याला गोंजार. लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू दे.

तुझी,
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगावर असा काटा आला की दोन दिवस मशीनवर टाके वाकडे पडले. एवढ्या मोठ्या जगात त्यांना माझीच भिंत मिळाली!

काल तुमचे डॉक्टर येऊन गेले. भला माणूस आहे, चहा घेतला, भिंतीवरून असा हात फिरवला जसा मी चांगल्या कापडावरून फिरवते. जाता जाता म्हणाले की बोक्याला मात्र कायम घरात ठेवावं लागेल, नाहीतर तो एका हिवाळ्यात सगळ्यांचा फडशा पाडील. हे तू मला लिहिलं नव्हतंस, लबाडे. तुझे भावोजी गेल्यापासून या घरात माझं ऐकून घेणारा तो एकटाच आहे. त्याला कोंडायचं, आणि कुणासाठी, तर सापांसाठी? मला फार राग आला. तुझाच आला.

मग आठवलं, आई गेल्यावर तू माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस. फ्रॉकसुद्धा माझेच जुने घातलेस, तेही आखूड करून. तेव्हा सोडा तुमचे साप. फक्त त्यांनी भिंत सोडायची नाही आणि मला त्यांच्याकडे बघायला सांगायचं नाही.

मुकादमाचे शाप तुझ्या वाट्याला, माझे आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

पुढल्या वर्षी, २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशिरा लिहिते आहे, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. साप सोडून वर्ष उलटलं. आमची माणसं दर महिन्याला येऊन फटींत बॅटरी मारून जातात, ते तू दार लावून ऐकतेसच. सुरुवातीला दोन दिसले होते. हिवाळ्यानंतर एकही नाही. वरच्या साहेबांनी सांगितलं आहे की या उन्हाळ्यात तिथे नवं पिल्लू झाल्याची खूण मिळाली नाही, तर केंद्रातली आमची सापांची खोली बंद होणार. उरलेले साप प्राणिसंग्रहालयांत वाटून टाकणार. म्हणजे या जातीचं घर म्हणून कुठे काही राहणार नाही.

मी हात टेकले, ताई. आता मुकादमाला मोकळं सोड. त्या बिचाऱ्याला उगीच वर्षभर कोंडलं.

माया करत राहा, सध्या तिची गरज आहे.

तुझी,
भिंगरी

२६ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मुकादमाला सोडलेलं नाही. सोडणारच होते. म्हटलं, आधी अंगण झाडून घ्यावं.

मी मागच्या ओट्यावर बसून कापड बेतते, तेव्हा वाऱ्याने चिंध्या उडतात आणि भिंतीच्या फटींत अडकतात. रोज सकाळी उन्हं यायच्या आत, साप बाहेर नसतात तेव्हा, त्या घाईघाईने वेचून केरात टाकते. त्यांत मधूनमधून जाळीच्या लेसचे पातळ तुकडे असायचे. आजही एक निघाला. चुरगळून टाकणार, तोच लक्षात आलं की यंदा लेसचं काम मी घेतलेलंच नाही.

चष्मा लावून पाहिलं. एका टोकाला डोळ्यांच्या जागी दोन इवल्याशा काचा होत्या.

भिंगरे, ती कात होती! अशी किंचाळले की मुकादम मशीनखाली जाऊन बसला. गांडुळाला भिणारी मी, वर्षभर सापांच्या काती हाताने वेचत होते. आणि तुम्ही ज्याच्यासाठी बॅटऱ्या मारत होता, ते मी रोज केरात टाकत होते. हसावं की रडावं कळेना.

बटणांच्या पुडीत घालून पाठवली आहे, जपून उघड. माझ्या मधल्या बोटाहून थोडीशीच लांब आहे. तुम्ही सोडलेले साप तर हातभर होते ना? मग ही कोणाची?

लगेच कळव, जीव टांगणीला लागला आहे.

तुझी,
ताई

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची! डॉक्टरांनी भिंगाखाली तीनतीनदा पाहिली. एवढं लहान आम्ही एकही सोडलं नव्हतं, म्हणजे ते तुझ्या भिंतीतच जन्मलं. डॉक्टर खुर्चीत बसून चक्क रडले, आणि त्यांना पाहून मी. आमची खोली राहिली.

एवढंच कर, आता भिंत झाडू नकोस.

तुझ्या चिंध्यांचीही ऋणी,
भिंगरी

२१ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

काल मुकादम खिडकीत बसून भिंतीकडे टक लावून होता, म्हणून न राहवून मीही पाहिलं. एक पिल्लू तिथेच होतं. बुटाच्या नाडीएवढं, उन्हात डोकं बाहेर काढून बसलेलं. किंकाळी अगदी ओठांवर आली.

पण ते घाबरेल म्हणून तोंडावर हात ठेवला.

आमच्यावर, म्हणजे घरातल्या आणि भिंतीतल्या सगळ्यांवर, लोभ असू दे.

तुझी,
ताई