सोळा स्वच्छ फॉर्म

सर, तुमच्या कपाटातलं ते कापडी गाठोडं मी अखेर सोडलं. तुम्ही गेल्यावर काकूंनी ते माझ्या हातात दिलं, "तुझ्या पीएचडीचं हाय, तूच ने" म्हणाल्या, आणि तेव्हापासून ते माझ्या पालीच्या घरात माळ्यावर पडून होतं. मी तिकडं बघतसुद्धा नव्हते. आता झालंय असं की कॉलेजनं माझ्या गळ्यात एक नवीन काम घातलंय. अर्थशास्त्र आणि कॉमर्सच्या नव्या संशोधकांना ओपन सायन्सची सुरुवात कशी करायची ते शिकवायचं. तुमच्या वेळी हा शब्द नव्हता. म्हणजे सर्व्हे करायच्या आधीच आपण काय तपासणार ते लिहून सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, मग जमवलेली माहिती माणसांची नावं काढून वेबसाइटवर टाकायची, आकडेमोड कशी केली तीही टाकायची. कुणीही यावं आणि आपलं गणित पुन्हा करून बघावं. मी फळ्यापुढं उभी राहून हे तावातावानं सांगत होते. तर केजकडची एक पोरगी उठली. घरी मेंढरं, बापामागं रानोमाळ हिंडत शिकलेली, तोंडाची फटकळ. "मॅडम, तुमचा डाटा कुठं ठिवलाय? आमी त्योच घिऊन शिकतो की." वर्ग हसला. "आणते," म्हणाले, आणि घरी येऊन माळ्याला शिडी लावली.

आत काय आहे ते मला ठाऊक होतं. परळीच्या वीज केंद्रातल्या राखेच्या विटा पाडणाऱ्या छोट्या कारखानदारांना भेटून मी फॉर्म भरून आणले होते. नात्यातल्या माणसाकडून धंदा शिकलेला मालक जास्त टिकतो, असं त्यातून काढलं, आणि त्या एका वाक्यावर माझी नोकरी उभी राहिली. त्या फॉर्मांच्या प्रत्येक कागदाला राख लागलेली आहे, कुठं मालकाच्या बोटांची, कुठं माझ्या. सोळा फॉर्म सोडून. ते सोळा मी घरी खाटेवर बसून भरले होते. महिन्यावर माझं लग्न आलं होतं, वडील म्हणत होते, त्याआधी काय ते उरक, नाहीतर सोड. मी उरकलं.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू माहेरी नांदूरघाटला गेलेल्या, तुम्ही पिठलं ढवळताय, आणि ओट्यावर माझे कागद. तुम्ही गॅस बारीक करता, सोळा फॉर्म वेगळे काढता आणि माझ्याकडं न बघता म्हणता, "हे लई स्वच्छ हायेत." मी म्हणाले, पिशवीत ठेवले होते सर. "कावून खोटं बोलतीस? म्या बी गेलतो तिकडं. घरी आल्यावर कानातून राख निघती." मग मी रडायलाच लागले. लग्नाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं. वाटलं, आता तुम्ही ओरडाल, गठ्ठा तोंडावर फेकाल. तुम्ही मला पिठलं-भाकरी वाढलीत. जेवण झाल्यावर कागद होते तसे बांधलेत आणि म्हणालात, "जा. सही करतो." पुढं या विषयावर आपण एक शब्द बोललो नाही. माझ्यानंतर तुम्ही एकही विद्यार्थी घेतला नाहीत. विचारलं की म्हणायचात, "गुडघे दुखत्यात बाई." गुडघ्यांचा काय संबंध हो, सर? मला तुमचा राग यायचा. अजून येतो.

गाठोडं सोडल्यापासून मला बूड टेकवून बसता येईना. धरणाकडं फिरायला निघायचं आणि अर्ध्यातून परत यायचं, भाजी करपवायची, लॅपटॉप उघडायचा, मिटायचा. शेवटी ते सोळा वगळून गणित नव्यानं मांडलं. निष्कर्ष मेला नाही, पण लंगडा झाला. ठासून सांगण्यासारखं त्यात काही उरलं नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कावून उकरून काढताय? रिटायर व्हायला किती राहिलंय तुमचं?" काकूंना फोन केला. मी फॉर्मांचं सांगितलं, तुमच्या ओट्याजवळचं बोलणं नाही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सरांच्या नावाला तर काई लागणार न्हाई ना गं?" आपल्या वाचनालयात तुमचा फोटो आहे, परीक्षेला जाताना पोरं अजून त्याच्या पाया पडतात. "न्हाई लागणार काकू," म्हणाले.

गेल्या आठवड्यात सगळं टाकलं. नावं झाकून फॉर्म, जुनं गणित, नवं गणित, ते सोळा वेगळ्या फाईलमध्ये, आणि सोबत एक टिपण, की हे मी स्वतः घरी बसून भरलेले आहेत. माझा पेपर छापणाऱ्या नियतकालिकालाही कळवलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. त्या केजच्या पोरीनं दोन दिवसांत सगळं करून पाहिलं आणि टेबलाशी येऊन म्हणाली, "जुळलं मॅडम. लई डेरिंग केलं तुमी." मी ती शाबासकी घेतली. घ्यायला नको होती.

कारण त्या टिपणाची शेवटची ओळ अशी आहे: मार्गदर्शकांना याची कल्पना नव्हती. एवढं सगळं चव्हाट्यावर मांडलं आणि त्यात ही एक थाप ठेवून दिली. आज सकाळपासून ती काढायला तीनदा बसले आणि तीनदा उठले. काकूंसाठी लिहिली, असं स्वतःला सांगते. पण तुम्हाला माहीत होतं असं लिहिलं, तर तुम्ही सही का केलीत तेही लिहावं लागेल. हा कागद मी कुठंच पाठवणार नाही, म्हणून इथं सांगते. सही का केलीत ते मला आजही ठाऊक नाही, सर. तुम्ही होतात तोवर विचारायची माझी हिंमत झाली नाही.