शालूचा नंबर आणि एक ओरखडा

१२ मार्च, गुरु., सकाळी १०.१०
सफारी संपली आणि बफर गेटवर माझ्यादेखत गाइड शालूचा नंबर, म्हणजे सफारीची पाळी, कापला. चौकशी होईपर्यंत तिला जंगल बंद. कारण काय, तर जिप्सीत माझ्या शेजारच्या पाहुण्याने हात बाहेर काढला, बांबूची काडी लागली. दोन थेंब रक्त. तो स्वतःच हसला, "जस्ट अ स्क्रॅच." रुमाल गुंडाळून नाश्त्याला गेला. शालूने नियमाप्रमाणे रजिस्टरात लिहिलं, इंग्रजीत: गेस्ट वुंड ऑन हॅन्ड.
गेटवरचे साहेब: "मॅडम, वुंड म्हणजे जखम. जंगलात जखम म्हणजे जनावर."
म्हटलं, "दाढी करताना कापतं तुम्हाला, तेव्हा कोणतं जनावर येतं?"
त्यांनी रजिस्टर मिटून ठेवलं.

१३ मार्च
डोक्यात तेच. स्क्रॅच टोकाचा: काटा, नख, काडी. ग्रेझ घसरण्याचा, सालटं जातं. कट धारेचा. ब्रूझ? आपला मुका मार. पण आपण त्याला मुका म्हणतो, इंग्रजीवाले त्याचा काळानिळा रंग बघतात. साठ वर्षांत हे कधी सुचलं नाही! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर आयोडीन लावताना म्हणायच्या, "ओन्ली अ ग्रेझ." गुडघा माझा, ओन्ली त्यांचं.

१५ मार्च
शेजारच्या रशीदाबाई ब्लाउज शिवत होत्या. बोटाला सुई लागलेली. "याला काय म्हणता?"
"टोचलं. त्यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे, बाई?"
म्हणजे ज्याला लागलं त्यानेच हलकं म्हणायचं. दुसऱ्याने म्हटलं की झोंबतं. मग शालूने जड शब्द मुद्दामच घेतला का? विचारायला हवं.

१७ मार्च
शालू बसने माझ्याकडे चंद्रपूरला आली. "तो स्क्रॅच म्हणाला, तू वुंड का लिहिलंस?"
"पाहुण्याले लागलं, अन् आपण काईच नाई म्हणून लिवाचं? बरं दिसते का बाई? अन् तुमच्या कागदात तं हेच आहे."
पिशवीतून कागद काढला. गाइड मुलींना इंग्रजी शिकवताना मीच केलेला. पक्ष्यांची नावं पानभर. जखम: वुंड. बस, एकच. खाली ठळक, माझंच अक्षर: रजिस्टर इंग्रजीतच लिहा, तुम्हाला कोणी कमी समजणार नाही.
चहा तसाच राहिला.
"तुमचं काई चुकलं नाई जी," ती मलाच समजावत होती. मग हळूच, "सारे जाऊन राह्यले जंगलात. मीच घरी."

१९ मार्च
पत्र तयार. साहेबांना:
शब्द माझा आहे, शालूचा नाही. पाहुण्याचा शब्द मी शेजारी बसून ऐकला, साक्षीदार म्हणून सही करते. दुरुस्त कागद सोबत जोडला आहे, टेंगळापासून खोल खोकेपर्यंत जखमेचे सगळे शब्द. रजिस्टर मराठीतही भरता येतं, हेही त्यात लिहिलं आहे. शालूचा नंबर परत लावणार की नाही, ते शुक्रवार, २७ मार्च, सायं. ५ पर्यंत लेखी कळवावे. तोंडी 'बघू' चालणार नाही.